पप्पांचे नऊ लाख

ब्याण्णव टक्के, असं मयुराने फोनवर सांगितलं तेव्हा प्रेमिला नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधत होती. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरलेला. तिने नुसतं "बरं" म्हटलं, सुई टोचली, तीन नळ्या भरल्या, त्यांवर नाव लिहिलं आणि जिना उतरून गाडीपाशी आल्यावर परत फोन लावला.

"किती म्हणून राहिली होती?"

"ब्याण्णव. त्यायच्या साइटवर अंदाजाचं एक पान आहे, आई. आपलं उत्पन्न टाकायचं, घर भाड्याचं का स्वतःचं, घरात माणसं किती, सगळं टाकायचं. मग ते सांगते, शंभरातले किती ते माफ करतीन अन् किती आपल्याले भरा लागन."

"आपल्याले किती?"

"नव्व्याण्णव हजार. वर्षाचे."

प्रेमिला सक्करदरा चौकातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. सकाळी सहा ते अकरा घरोघरी जाऊन रक्त गोळा करायचं, मग पाचपर्यंत लॅबमध्ये बसायचं. पगार चोवीस हजार. तलावाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने, त्यात ती आणि बारावीची परीक्षा नुकतीच दिलेली मयुरा. दिल्लीजवळच्या त्या खासगी विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र आलं, तेव्हा फीच्या आकड्यात एक शून्य चुकून जास्त पडलंय असंच प्रेमिलाला वाटलं होतं. शून्य बरोबर होतं. राहण्या-खाण्यासकट वर्षाचे बारा लाख चाळीस हजार.

आता त्यातले नव्व्याण्णव हजारच भरायचे. प्रेमिलाने गाडी सुरू केली आणि पुढचं घर सोडून सरळ तिरंगा चौकापर्यंत गेली. तिथून परत वळावं लागलं.

तो अंदाज होता, निकाल नव्हता. खरा अर्ज पंधरा एप्रिलपर्यंत भरायचा होता आणि त्यासोबत कागद जोडायचे होते. संध्याकाळी मयुराने यादी वाचून दाखवली. पगाराचं पत्रक, भाड्याचा करार, घरातल्या प्रत्येकाच्या बँक खात्याचा दोन वर्षांचा तपशील. आणि आई-वडील दोघांचं उत्पन्न. वडील वेगळे राहत असतील तर कोर्टाचा निकाल, आणि तोही नसेल तर वडिलांचं नोटरीसमोर केलेलं शपथपत्र, की मुलीशी संबंध नाही आणि तिच्या खर्चाला काही देत नाही.

कोर्टाचा निकाल नव्हता. दुर्गेश अकरा वर्षांपूर्वी घरातून गेला, तो रामटेकला दुसऱ्या एका बाईसोबत राहू लागला. प्रेमिला कोर्टात गेली नाही. तारखांना जायला रजा कुठून आणायची, हे एक. आणि आपण त्याचं नाव सोडलं की तो माणूस कायमचा गेला असं होईल, हे दुसरं. ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. आता तसं काही वाटत नव्हतं, पण तिच्या प्रत्येक कागदावर अजून प्रेमिला दुर्गेश निखारे असंच होतं.

"त्यायच्याकडून सही आणू," ती म्हणाली. "एक कागद तर आहे. तेवढं तरी करतीन."

मयुरा लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिली. "हो," म्हणाली, आणि उठून पाणी प्यायला गेली.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत प्रेमिला बँकेत पासबुकं छापायला गेली. स्वतःचं छापून झालं, मग मयुराचं घातलं. दहावीत एका शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं ते खातं. त्यात हजार-दीड हजार असतील असा तिचा अंदाज होता. यंत्र खरखरत राहिलं. पान उलटा, पुन्हा घाला, असं त्याने तीनदा सांगितलं. मागे रांगेतला माणूस म्हणाला, "ताई, मोठा व्यवहार दिसते तुमचा."

ती बाजूला होऊन वाचू लागली. दर महिन्याच्या सात तारखेला अडीच हजार रुपये. पाठवणारा: दुर्गेश एन. कधी आठ तारीख, एकदा अकरा, पण महिना चुकलेला नाही. दीड वर्ष. आणि खर्चाच्या बाजूला इंटरनेट, पुस्तकं, परीक्षेची फी, त्या विद्यापीठाच्या अर्जाची फी. ती फी विद्यापीठाने माफ केली, असं मयुराने तिला सांगितलं होतं.

दुपारी लॅबमध्ये तिने एकाच्या नळीवर दुसऱ्याचं नाव चिकटवलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिने हात धुतले, परत धुतले, आणि पाच वाजायची वाट न बघता घरी आली.

पासबुक तिने पलंगावर ठेवलं. मयुराने ते उघडून पाहिलं नाही.

"केव्हापासून वं?"

"अकरावीत होती तेव्हापासून. मीच फोन लावला होता. केशवकाकाकडून नंबर घेतला, पप्पायच्या मित्राकडून."

"काहून?"

"तू तेव्हा दवाखान्यात होती, आई. तुझ्या ऑपरेशनच्या वेळी. मले वाटलं, कोणाले तरी सांगावं. त्यायनं विचारलं, पैसे आहेत का. मी म्हटलं, आहेत. तरी पाठवले. मग पाठवतच राहिले."

"अन् मले सांगायचं नाई."

"तू घेऊ दिले नसते."

हे खरं होतं, म्हणून प्रेमिलाला अजूनच राग आला. पण रागात सुद्धा तिचं डोकं कागदाकडेच धावत होतं. संबंध नाही, काही देत नाही, असं शपथपत्र करायचं. आणि त्यालाच जोडून हे पासबुक लावायचं, ज्यात दर महिन्याला बापाचं नाव.

"हे खातं दाखवलंच नाई तर?"

"अर्जाची फी याच खात्यातून भरली ना. त्यायच्याकडे नोंद आहे. अन् आई, खोटं निघालं तर प्रवेशच रद्द करते. तसं लिहिलंय."

"मग काय लिहायचं?"

मयुराने लॅपटॉप उघडला. "पप्पायचं रामटेकले स्वतःचं बिछायत केंद्र आहे. मंडप, खुर्च्या, जनरेटर, सगळं. वर्षाचे नऊ लाख येते म्हणे. मी ते टाकून पाह्यलं."

"केव्हा?"

"पहिल्याच दिवशी. तुले ब्याण्णव सांगितलं, त्याच्या आधी."

पडद्यावर आकडा होता. पस्तीस टक्के. भरायचे आठ लाख सहा हजार.

प्रेमिला उठली, गॅसवर चहा ठेवला, चहा उकळायच्या आधीच गॅस बंद केला, बाहेर गॅलरीत गेली. समोरच्या घरात कोणी कूलरला वाळ्याच्या नवीन ताट्या बसवत होतं. ती परत आत आली.

"नंबर दे," ती म्हणाली.

अकरा वर्षांनी दुर्गेशचा आवाज ऐकला तर तो पूर्वीसारखाच होता, थोडा घाईतला, कुठेतरी निघालेल्या माणसासारखा. तिने जे झालं ते सरळ सांगितलं. फॉर्म, अंदाज, शपथपत्र, पासबुक.

"संबंध नाई म्हणून मी लिहून देणार नाई," शेवटी तो म्हणाला. "बाप आहो मी. तू नऊ लाख लिही. जे भरा लागन ते मी पाहीन."

"आठ लाख आहे ते. दरवर्षी. चार वर्षं."

"पाहीन म्हटलं ना."

"मग तुमचे आयकराचे कागद पाठवा. तीन वर्षांचे लागते."

"पाठवतो."

त्याने पाठवले नाहीत. तीन तारखेला म्हणाला, सीए बाहेरगावी गेलाय. पाच तारखेला म्हणाला, लग्नसराई आहे, एका दिवसात दोन मंडप आहेत. सातला अडीच हजार आले, कागद नाहीत. आठला फोन उचललाच नाही. मयुरा म्हणे, पप्पा खरंच कामात असतील. प्रेमिला म्हणे, तुले काय माहीत त्यायचं काम. दोघी एकमेकींशी तेवढ्यापुरतं बोलत. मयुरा तेच पान उघडून वेगवेगळे आकडे टाकून बघत राही. सात लाख टाकले तर किती, पाच टाकले तर किती, घरात माणसं तीन दाखवली तर किती. प्रत्येक वेळी नवा टक्का येई आणि ती तो वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवी. प्रेमिला रक्त काढायला जाताना मनात तेच टक्के घेऊन जायची. चौदा तारखेला जयंतीची सुट्टी, म्हणजे हातात खरे दिवस तेरापर्यंतच.

अकरा तारखेला सकाळची घरं आटोपून तिने लॅबमध्ये पोट बिघडल्याचं सांगितलं आणि गाडी कामठी रोडला घातली. मयुराला सांगितलं नाही. ऊन भाजत होतं. कन्हानच्या पुलावर तिला वाटलं, आपण तिथे जाऊन भांडणार आहोत, आणि मनसरला वळेपर्यंत तिने सगळं भांडण मनात करून टाकलं होतं. त्याची उत्तरं सुद्धा तिनेच दिली होती.

रामटेकला बसस्टँडजवळ विचारलं तर एका पानवाल्याने हात करून दाखवलं. टिनाचं मोठं शेड, समोर मोकळी जागा, तिथे दोरीवर लाल-पांढरे पडदे वाळत घातलेले. खुर्च्यांच्या माणूसभर उंच थप्प्या. वर फलक: गोविंदा बिछायत केंद्र.

टेबलावर घालायच्या झालरी धुऊन पिळणारी एक बाई उठून आली. चाळिशीची असेल, हात कोपरापर्यंत ओले. प्रेमिलाने नाव सांगायच्या आधीच तिने ओळखलं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

"बसा," ती म्हणाली. एक खुर्ची ओढून पदराने पुसली. "ते मनसरले मंडप सोडायले गेले. येतीनच. मी सोनिका."

ही ती बाई. प्रेमिलाने अकरा वर्षं तिची जी कल्पना केली होती तिच्याशी काहीच जुळत नव्हतं. सोनिकाने माठातलं पाणी आणून दिलं. प्रेमिलाने ते प्यायलं, कारण तहान लागली होती.

"मयुराच्या कागदासाठी आली," ती म्हणाली. "आयकराचे कागद पाहिजे होते. दुकानाचे."

"दुकानाचे?" सोनिका गोंधळली. "ते तर माझ्या भावाजवळ असतीन. गोविंदाजवळ. त्याचं दुकान आहे हे."

"यायची भागीदारी..."

"नाई हो. हे इथं काम पाहते. माल काढणं, मोजणं, पोरं लावणं." ती बोलता बोलता हळू झाली. "सोळा हजार देते गोविंदा. सीजनमध्ये वरचे थोडे. मले वाटलं, तुम्हाले माहीत असन."

बाहेर दोरीवरचे पडदे गरम वाऱ्याने फुगत होते. प्रेमिलाने मनात केलेलं सगळं भांडण तिथेच थांबलं. सोळा हजार. माझ्यापेक्षा आठ हजार कमी. आणि त्यातले अडीच हजार.

"तुम्हाले माहीत होतं? तो पोरीले पैसे पाठवते ते?"

"मीच पाठवते," सोनिका म्हणाली. "त्यायले ते फोनवरून पाठवता येत नाई नीट. सात तारखेले आठवण बी मीच करते." मग तिला वाटलं असावं की हे सांगून आपण जास्त बोललो. ती परत झालरींकडे गेली.

दुर्गेश टेम्पोतून उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर दोराची गुंडाळी होती. केस पांढरे झाले होते, आणि डाव्या पायाने तो थोडा लंगडत होता. प्रेमिलाला पाहून त्याने आधी सोनिकाकडे पाहिलं, आणि सोनिका आत निघून गेली यावरून त्याला समजलं.

तो समोरच्या खुर्चीवर बसला. दोर मांडीवरच होता.

"पोरीले सांगू नको," तो म्हणाला.

"काय सांगू नको?"

"तुले कळलंच आहे."

"कागदावर लिहून येईन ते. फॉर्म ती स्वतः भरते."

"मग नऊच लिही. आयकराचा कागद मी गोविंदाचा आणतो, नाव बदलून देणारा माणूस आहे एक."

प्रेमिलाला वाटलं होतं, आपण ओरडू. पण ती अगदी शांतपणे बोलली, जशी घाबरलेल्या पेशंटशी बोलायची. "ऐका. तुम्ही नऊ लाख लिहिले तर तिले आठ लाख भरा लागन. तुम्ही सोळा हजार लिहिले तर दीड-दोन लाखात होते. तिनं सगळे आकडे टाकून पाह्यले. तुमच्या नऊ लाखापायी पोरीचं जाणं रद्द होऊन राहिलं."

दुर्गेशने मांडीवरचा दोर हातात घेतला.

"जास्त कमावते म्हणून कोणी फी माफ करत नाई. कमी कमावते म्हणून करते. आयुष्यात पहिल्यांदा कमी कमावणं कामी येऊन राहिलं, तर तुम्ही त्याच्यावर बी पडदा टाकता."

"तिनं मले विचारलं होतं, पप्पा तुम्ही काय करता. पहिल्याच फोनवर." तो दोराची गाठ सोडत होता, परत बांधत होता. "तू दवाखान्यात होती. पोरगी रडून राहिली होती. मी म्हटलं, काही काळजी करू नको, माझं स्वतःचं दुकान आहे. तेवढंच म्हणायचं होतं. मग ती विचारत गेली, मी सांगत गेलो."

"आता तुम्हीच सांगा तिले. मी नाई सांगणार."

"फोनवर नाई जमणार."

"उद्या इथं घेऊन येते. गोविंदाकडून पगाराचं पत्र घेऊन ठेवा. तहसीलजवळ नोटरी असन ना?"

"आहे."

ती गाडीकडे निघाली तेव्हा तो मागून म्हणाला, "जेवून जा वं. सोनिकानं भात टाकला असन." तिने नको म्हटलं. परत येताना कामठीला थांबून तिने गाडीवरच एक समोसा खाल्ला, अर्धा टाकून दिला.

मयुराला तिने एवढंच सांगितलं की उद्या पप्पा रामटेकला कागद करून देणार आहेत, आपण दोघी जाऊ. मयुराने वही, लॅपटॉप, कागदाला लावायला दोन फोटो, असं सगळं बॅगेत भरलं. रस्ताभर ती मागे बसून काहीतरी बोलत होती, हेल्मेटमुळे प्रेमिलाला निम्मं ऐकू आलं. पप्पांना ती दीड वर्षात फक्त एकदा भेटली होती, नागपूरला, बर्डीवर एका हॉटेलात. तेव्हा त्यांनी निळा शर्ट घातला होता आणि बिल त्यांनीच दिलं होतं.

तहसील कार्यालयाच्या कंपाउंडला लागून टायपिंगवाल्यांची टेबलं होती, वर हिरवी जाळी. दुर्गेश आधीच येऊन उभा होता. आजही निळाच शर्ट होता. त्याने मयुराच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. त्याला तिला बाजूला नेऊन काही सांगायचं होतं हे प्रेमिलाला दिसत होतं, पण टायपिस्टने हाक मारली. पाठीमागे सात-आठ जण होते, परवा सुट्टी म्हणून गर्दी.

"नाव सांगा."

त्याने सांगितलं. वय, पत्ता. मुलीचं नाव.

"व्यवसाय?"

दुर्गेशने शर्टाची कॉलर सारखी केली. मयुरा म्हणाली, "बिछायत केंद्र. स्वतःचं."

"नाई," दुर्गेश म्हणाला. "नोकरी लिहा. गोविंदा बिछायत केंद्रात नोकरी."

टायपिस्टने लिहिलं. "मासिक उत्पन्न?"

दुर्गेशने आकडा सांगितला, पण प्रिंटरवर दुसऱ्या कोणाचा कागद निघत होता. टायपिस्टने मान न वळवता विचारलं, "किती? जोरात बोला."

"सोळा हजार."

मागे उभ्या माणसाने सुद्धा ऐकलं. मयुरा टेबलावरच्या काचेखालच्या दराच्या कागदाकडे बघत होती, तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. प्रेमिलाला वाटलं, ही आता उठून जाईल. ती थोडी पुढे सरकली, म्हणजे गेली तर धरता येईल.

मयुराने वही काढली.

"पप्पा, सीजनमध्ये वरचे भेटते का काही?"

"हो. भेटते."

"किती?"

"महिना तीन-चार हजार. चार महिने."

"नक्की सांगा. तीन का चार?"

"मागच्या वर्षी सगळे मिळून चौदा हजार झाले."

"काका, वार्षिक दोन लाख सहा हजार लिहा," ती टायपिस्टला म्हणाली. "अन् खाली लिहा, मुलीला दरमहा अडीच हजार रुपये देतो." तिचा आवाज बारीक झाला होता, पण आकडे ती सरळ सांगत होती. टायपिस्टने मराठीत लिहिलं, मग विद्यापीठासाठी इंग्रजीत. दुर्गेशने दोन्हीवर सही केली. सही करताना त्याने पेन दोनदा झटकलं.

काम संपल्यावर तिघं समोरच्या रसवंतीत बसले. रस आला. यंत्राचे घुंगरू वाजत होते.

"मले माहीत असतं तर मी घेतले नसते," मयुरा म्हणाली.

"म्हणून तर नाई सांगितलं."

"ते म्हणून नाई पप्पा. ते तुम्ही तुमच्यासाठी नाई सांगितलं." ती रडत नव्हती. "मी मैत्रिणींले सांगितलं होतं, तुमचं दुकान आहे म्हणून. टीचरले बी. अन् मी आठ लाख कुठून येतीन म्हणून दोन हप्ते झोपली नाई."

दुर्गेशने खिशातून शंभराची नोट काढली, रसवाल्याला दिली, सुटे घेतले आणि मोजून परत खिशात ठेवले. मयुरा ते बघत होती.

"तुमच्या पायाले काय झालं?" तिने विचारलं.

"मंडपाची बल्ली पडली होती. जुनी गोष्ट आहे."

निघताना तिने त्याला हात केला नाही, पण गाडीवर बसल्यावर मागे वळून पाहिलं, एवढं प्रेमिलाने आरशात पाहिलं.

तेरा तारखेला दुपारी अर्ज गेला. खरे आकडे टाकल्यावर अंदाजाच्या पानाने पंच्याऐंशी टक्के सांगितले होते. भरायचे एक लाख शहाऐंशी हजार. पण आता त्या पानावर कोणाचाच विश्वास बसत नव्हता. निकालाला पाच आठवडे लागणार होते. त्या पाच आठवड्यांत प्रेमिलाने कपाट तीनदा आवरलं. संध्याकाळचीही घरं मागून घेतली, एका घराचे चाळीस रुपये वरचे मिळायचे. मयुराने नागपुरातल्या दोन कॉलेजांचे फॉर्म भरून ठेवले आणि त्याबद्दल विचारलं की तुटक बोलायची. रामटेकहून फोन येत, ते ती उचलायची, पण दोन मिनिटांत ठेवायची. पूर्वी अर्धा तास बोलायची, हे प्रेमिलाला आता कळलं.

मेच्या सात तारखेला पैसे प्रेमिलाच्या खात्यात आले. अडीच हजार. तिनेच सोनिकाला तसं कळवलं होतं.

एकवीस मेला ईमेल आला. ब्याऐंशी टक्के.

मयुराने आधी हिशेब केला आणि मग सांगितलं. दोन लाख तेवीस हजार दोनशे. दोन हप्त्यांत. अंदाजापेक्षा सदतीस हजार जास्त. दरवर्षी उत्पन्नाचे कागद परत द्यायचे, आणि गुण घसरले तर पुन्हा विचार होणार.

"तीन टक्के कुठं गेले?" प्रेमिलाने विचारलं.

"कुठं गेले माहीत नाई. अंदाज होता तो."

मयुराने विनंतीचं पत्र पाठवलं. आठ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं की निर्णय अंतिम आहे. जागा ठेवायची की सोडायची हे सांगायला पाच दिवस होते. मयुरा म्हणाली, "मी इथंच शिकते, आई. इथं बी चांगलं आहे." हे ती इतक्या समजूतदारपणे म्हणाली की प्रेमिलाला तिचा रागच आला.

"तू चूप बस," ती म्हणाली.

तिच्याकडे एक लाख तीस हजार होते. सोळा वर्षांत जमलेले. बँकेत गेली तर शैक्षणिक कर्जासाठी आई-वडील दोघांच्या सह्या हव्या होत्या. तिने दुर्गेशला फोन केला. तो दुसऱ्याच दिवशी पहिल्या बसने आला, बँकेच्या पायऱ्यांवर दहाच्या आधी येऊन बसला होता. अधिकाऱ्याने त्याचं उत्पन्न विचारलं. त्याने न अडखळता सांगितलं, आणि गोविंदाचं पत्र समोर ठेवलं. बाहेर आल्यावर तो प्रेमिलाला म्हणाला, "तीन हजार करतो. जास्त नाई जमणार."

"जमन तेवढंच म्हणा," ती म्हणाली. "म्हणता त्याच्यावर मी हप्ता धरीन."

त्याने विचार केला. "मग अडीचच धर."

मयुरा जुलैच्या शेवटी गेली. दुर्गेश स्टेशनवर आला होता, सोनिकाने दिलेला चिवड्याचा डबा घेऊन. मयुराने डबा घेतला. गाडी सुटायच्या आधी ती दारात उभी राहून त्याच्याशी बोलली, प्रेमिलाला लांबून ऐकू आलं नाही, पण दोघं पाच मिनिटं बोलत होते आणि शेवटी मयुरा थोडी हसली.

नंतरचे काही दिवस प्रेमिलाला घरात बसवेना. ती रक्ताची दोन जास्तीची घरं घ्यायची, तरी संध्याकाळी सात वाजता घरी यायचीच. पुढच्या वर्षी फी वाढली तर, गुण घसरले तर, दुर्गेशचं काम सुटलं तर. ती पोळी लाटता लाटता थांबायची.

दहाव्या दिवशी सकाळी साडेसहाला मयुराचा फोन आला. प्रेमिला एका फाटकासमोर नळ्यांची पेटी उतरवत होती.

"आई, माझ्या खोलीतली पोरगी पूर्ण फी भरते."

"बारा लाख?"

"हो. मी विचारलं किती आहे, तर तिले आकडाच माहीत नाई. म्हणे, बाबा भरतात, मी कधी पाह्यलं नाई."

फाटकामागे कुत्रं भुंकायला लागलं होतं आणि आतून कोणी विचारत होतं, कोण आहे.

"पोरगी कशी आहे पण?"

"चांगली आहे. घोरते खूप."

"झोप होते ना तुझी?"

"होते. आज पहिला तास आहे साडेआठले. ठेवते."

"ठेव," प्रेमिला म्हणाली, आणि आतल्या बाईला मोठ्याने सांगितलं, "लॅबमधून आली, ताई. कुत्रं बांधा जरा."